वृद्धापकाळ आणि धर्मभगिनींचा दाखला

आपल्या गावांतून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची माणसे आज पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, ही देवाची कृपाच होय. परंतु वय वाढले की म्हातारचळ लागायचाच, असे घरोघरी गृहीत धरले जाते. आजोबांच्या हातून आधी किल्ल्या जातात, मग हिशेब, मग कोयताही. आणि "बाबा, तुम्ही आता नुसते बसा" या प्रेमळ वाक्याने त्यांची रवानगी ओसरीच्या कोपऱ्यात होते. या समजुतीची शास्त्रीय परीक्षा एका संघाच्या धर्मभगिनींनी स्वतःच्या देहावर होऊ दिली. ती हकीकत आपल्या कुटुंबांस ठाऊक असावी.

'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' हा शिक्षिका-भगिनींचा संघ इ. स. १८३३ मध्ये बव्हेरियात स्थापन झाला व पुढे अमेरिकेत पसरला. तेथील डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ मध्ये या संघातील वृद्ध भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंचाहत्तरी गाठलेल्या व ओलांडलेल्या ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी द्यावयाची आणि मरणोत्तर आपला मेंदू तपासणीसाठी द्यावयाचा, हे त्यांनी आपखुशीने मान्य केले. भगिनीच का निवडल्या? एकाच मठातील सर्वांचे अन्न एक, निवारा एक, औषधपाणी एक. तेव्हा एकीची बुद्धी टिकली व दुसरीची ढळली, तर त्याचे कारण ताटापलीकडे शोधावे लागते.

त्यांतील एक भगिनी वयाच्या ८४ व्या वर्षापर्यंत शिकवीत होत्या व १०१ व्या वर्षी वारल्या. अखेरच्या चाचणीतही त्यांची उत्तरे उत्तम होती. परंतु मेंदू तपासला तेव्हा अल्झायमर या विस्मृतीच्या रोगाच्या खुणा त्यात विपुल आढळल्या! रोग मेंदूत होता. वागण्याबोलण्यात मात्र नव्हता.

मग ज्यांची स्मृती गेली, त्यांचे काय झाले? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत याचे एक उत्तर मिळते. रोगाच्या खुणांबरोबरच ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटून लहान लहान आघात झाले होते, त्यांची बुद्धी फार अधिक ढासळली होती. असे आघात वाढलेल्या रक्तदाबाने होतात. म्हणून लोणचे, पापड व खारवलेली मासळी बेताने खावी. आणि बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्याच मनाने बंद करण्याची जी खोड आपल्याकडे आहे, ती मोडावी.

संघात प्रवेश केल्यावर तरुणपणी या भगिनींनी आपले अल्प चरित्र लिहून दिले होते. ते कागद जपून ठेवलेले होते. त्यांपैकी १८० चरित्रे संशोधकांनी वाचली. ज्यांच्या लेखनात आनंद व कृतज्ञता सर्वांत कमी होती, त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वांत आनंदी भगिनींच्या सुमारे अडीच पट आढळला. हसतमुखाला मरण चुकते, असा याचा अर्थ नव्हे. एक गोष्ट दुसरीसोबत आढळली, एवढेच म्हणता येते. तरुणपणीचे ज्यांचे लेखन विचारांनी भरलेले होते, त्यांच्यात पुढे विस्मृतीही कमी दिसली. मुलीच्या शिक्षणावर खर्च कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

तेव्हा वडिलांना ओसरीवर नुसते बसवू नये. तांदूळ निवडणे, नातवंडांकडून प्रार्थना पाठ करून घेणे, मिस्सेला जमेल तितके चालत जाणे, ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावी. इतके करूनही स्मृती जाणारच नाही, असे नाही. सिराखाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी मुलाने त्याला सांभाळून घ्यावे, अशी आज्ञाच आहे. आपण जेवलो की नाही हे विसरणाऱ्या आजीच्या ओठांवर जपमाळेच्या प्रार्थना पुष्कळदा शाबूत असतात. सायंकाळची माळ तिलाच सांगू द्यावी. एखादे दशक दोनदा झाले, तर होऊ द्यावे. मुलांना हसू देऊ नये.