कानाडोळा आणि हक्क

संध्याकाळची जेवणे लवकर आटोपून सतरंजीवर येऊन बसावे, वक्त्याचे बोलणे पटले तर मान डोलवावी, न पटले तर शेजाऱ्याच्या कानात चार शब्द बोलावेत आणि शेवटी धीर करून एखादा प्रश्न विचारावा, यात आपण काही विशेष करीत आहोत असे कळंबच्या श्रोत्याला वाटत नाही. वाटू नये हेच ठीक. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षे उलटली तरी आपल्या तालुक्यात असे एकत्र बसणे ही सरकारच्या मर्जीची गोष्ट होती. पश्चिमेस बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आपण निजामाच्या. इंग्रजांचे राज्य काही स्वातंत्र्याचे माहेरघर नव्हते. लोकमान्यांना १९०८ साली त्याच राज्याने मंडालेस धाडले. तरीही सभा भरविण्यापुरते जे बार्शीकराला सहज होते ते कळंबकराला नव्हते.

व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की हॉलंडचे नाव हटकून येते. हे लोक आपल्याला अगदीच परके नव्हेत. जुन्या मराठी कागदांत त्यांना वलंदेज म्हटले आहे आणि सतराव्या शतकात त्यांची वखार वेंगुर्ल्यास होती. आज त्यांची ख्याती अशी की, ज्याने त्याने आपल्या मताने जगावे. पुरुषाने पुरुषाशी वा स्त्रीने स्त्रीशी कायद्याने विवाह करण्याची मोकळीक जगात प्रथम दिली ती याच देशाने, २००१ साली. असा देश मुळातच उदार मनाच्या माणसांचा असावा, असा आपला समज होतो. इतिहास जरा निराळे सांगतो, आणि तो आपल्या मराठवाड्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या तिकडच्या प्रांतांनी १५७९ साली उट्रेख्ट येथे जो करार केला, त्याच्या तेराव्या कलमात असे ठरले की, धर्माच्या बाबतीत प्रत्येकाने मोकळे असावे. त्यासाठी कोणाचा छळ वा चौकशी होऊ नये. शब्द मोठे होते. परंतु प्रॉटेस्टंट पंथाची सत्ता दृढ झाल्यावर कॅथलिकांच्या उघड पूजेवर बंदी आली. मग हे लोक काय करीत? ॲम्स्टरडॅम शहरात कालव्याकाठच्या एका व्यापाऱ्याच्या घरी, अगदी वरच्या माळ्यावर, १६६३ साली त्यांनी चर्च थाटले. रस्त्यावरून पाहावे तर चारचौघांसारखे घर. जिना चढून जावे तर वेदी, बाके, गॅलऱ्या, सर्व काही. शहराच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अशा प्रार्थनास्थळांकडून पैसे घेऊन ते गप्प राहत. याला मराठीत नेमका शब्द आहे : कानाडोळा. ते घर आजही आहे आणि तेथे संग्रहालय आहे.

हा कानाडोळा क्षुल्लक नव्हता. फ्रान्सचा देकार्त वीस वर्षे त्या देशात राहून लिहू शकला. इंग्लंडातून पळालेल्या लॉकला तेथे आसरा मिळाला. छळाने माणसे देशोधडीस लागत होती त्या युरोपात वरच्या माळ्यावरची प्रार्थना हीसुद्धा मोठी सोय होती. पण सोय ती सोय. ती देणाऱ्याच्या हाती राहते. आड्रियान कूरबाख हा वकील व वैद्य. त्याने १६६८ साली धर्माच्या रूढ कल्पनांवर टीका करणारे पुस्तक लिहिले. तसे विचार इतर विद्वानही लॅटिनमध्ये दबक्या आवाजात मांडीत. याने ते लोकांच्या बोलीत, डच भाषेत लिहिले. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढल्याच वर्षी, १६६९ साली, तो तुरुंगात मेला. त्याचा मित्र स्पिनोझा. याला त्याच्या यहुदी समाजाने १६५६ सालीच बहिष्कृत केले होते. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगण्याची गरज नाही. भिंगे घासून पोट भरणाऱ्या या माणसाने १६७० साली ग्रंथ काढून प्रतिपादन केले की, राज्य असते ते माणसाच्या स्वातंत्र्यासाठी, आणि विचार व उच्चार मोकळे ठेवल्याने राज्य बुडत नाही. ग्रंथ लॅटिनमध्ये, लेखकाचे नाव नाही, आणि छापल्याचे गाव खोटे घातलेले. तरी १६७४ साली त्यावर बंदी आलीच. ज्या देशाचे स्वातंत्र्य त्याने वाखाणले, त्याच देशात त्याला स्वतःचे नाव लपवावे लागले.

आता आपल्याकडे येऊ. हैदराबाद संस्थानात आसफजाही सरकारची गश्ती निशान ५३ होती. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सार्वजनिक सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा तिचा आशय. कायदेमंडळाने केलेला हा कायदाही नव्हे, नुसते परिपत्रक. पण त्याने एका मोठ्या प्रदेशाचे तोंड बांधले. परिणाम असा की, हैदराबादच्या प्रजेची राजकीय परिषद हैदराबादच्या भूमीवर भरू शकली नाही. ती १९२३ साली काकिनाड्यास भरली, पुढे मुंबईस, १९२८ साली पुण्यास, १९३१ साली अकोल्यास. आपल्या घरचे दुःख सांगायला शेजारच्या ओसरीवर जावे, तसा हा प्रकार.

मग माणसांनी आपले माळे शोधले. वाचनालय, गणेशोत्सवाचा मेळा, कीर्तन, खासगी शाळा. आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली; स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक होते, पुढे ते अंबाजोगाईस गेले. सरकार पुष्कळदा कानाडोळा करी, मनात आले की डोळा उघडी. महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला आणि पुढल्या वर्षी लातूरला भरली, हे खरे, आणि लातूर आपल्याला काही लांब नाही. परंतु १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. जन्माआधीच मृत्यूची नोंद! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच. मुलांनी ऐकले नाही, त्यांना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे घेतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. ॲम्स्टरडॅमच्या कॅथलिकाला निदान माळ्यावरची प्रार्थना उघड्या गळ्याने म्हणता येत होती.

हा झगडा दोन धर्मांतला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. गश्ती मराठी बोलणाऱ्याला लागू होती तशी उर्दू बोलणाऱ्यालाही होती. महिन्याभरात, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाची सत्ता संपली. आणि १९५० साली संविधानाच्या १९ व्या कलमाने बोलणे व शस्त्राविना एकत्र जमणे हा नागरिकाचा हक्क ठरला. हक्कालाही मर्यादा असतात. पण मर्यादा घालणाऱ्याला तिचे कारण न्यायालयात सांगावे लागते. मर्जीला कारण लागत नाही.

येथवर राज्यसत्तेचे झाले. आम्हाला वाटते, आपल्या भागात स्वातंत्र्याचा अधिक अवघड प्रश्न राज्याच्या नव्हे, गावाच्या दारात उभा होता. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्यास डॉ. आंबेडकर आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात जमिनीच्या लहानशा तुकड्याच्या मोबदल्यात दिवसरात्र केव्हाही सरकारचे व गावाचे काम करायचे, आणि बाप कामावर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. येथे माणूस नोकरीस बांधलेला नसून जन्मच बांधलेला होता. हे बंधन सैल करण्यासाठी आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच विधेयक मांडले होते. ज्याला सभेला जाण्यासाठी आधी पाटलाच्या कामातून सुटावे लागते, त्याला गश्ती उठली काय आणि राहिली काय!

वलंदेजांच्या घरातही असे कोपरे होते. त्यांचे स्वातंत्र्य जहाजात चढले नाही : मसाल्यासाठी त्यांच्या कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर लोकांची कत्तल केली आणि त्यांच्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ साली. त्यांच्या विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून साधा करारही स्वतःच्या नावे करता येत नव्हता. तो कायदा १९५६ साली बदलला. आमच्याकडे हिंदू वारसा कायदा आला तोही १९५६ सालीच. या योगायोगाचा फार अर्थ काढू नये, पण पुढारलेला आणि मागासलेला हे शब्द वापरताना तो आठवावा. आणि कॅथलिकांच्या मिरवणुका? १८४८ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले, तरी ज्या गावी आधीपासून चाल नव्हती तेथे रस्त्यावर मिरवणूक काढण्याची बंदी त्याच घटनेत राहिली. ती १९८३ साली गेली. येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी चैत्रात वाजतगाजत निघते, ती पाहणाऱ्याला हे नवलच वाटेल.

कानाडोळ्याची सवय मात्र त्यांची सुटलेली नाही. गांजाची विक्री त्यांच्या कायद्याने आजही गुन्हा आहे. परंतु १९७६ पासून थोड्या प्रमाणातील विक्रीकडे सरकारने पाहायचे नाही असे ठरले, आणि त्याची दुकाने उघड चालतात. ती पद्धत चांगली की वाईट, यावर तेथेच एकमत नाही.

आपल्या व्याख्यानमालेला ध्वनिक्षेपक लावायचा तर परवानगीचा अर्ज करावाच लागतो. आवाजाविषयी विचारले तर आमची काही तक्रार नाही. शेजारी दहावीचा मुलगा अभ्यास करीत असतो, कोणी आजारी असतो. वक्ता काय बोलणार, असे विचारले तर मात्र अर्ज लिहिणाऱ्याने हातातली लेखणी खाली ठेवावी आणि हे कोणत्या नियमाने विचारता, ते लेखी मागावे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो. प्रश्नोत्तरे त्यानंतरही बाहेर चपला घालता घालता चालू राहतात.