मगरपट्टा की अमनोरा? आधी रिकामी खुर्ची पाहा!

हडपसरमध्ये घर घ्यायचे ठरवलेल्या आपल्या समाजातील नोकरदार जोडप्यांच्या तोंडी हल्ली एकच प्रश्न असतो. मगरपट्टा घ्यावा की अमनोरा? दोन्ही वसाहती शेजारी-शेजारी. मध्ये एक रस्ता. रस्त्याच्या या बाजूला एक मॉल, त्या बाजूला दुसरा. दोन्हीकडे कमानी, गणवेशातले सुरक्षारक्षक, बागा, पोहण्याचे तलाव, शाळा आणि आय.टी. कंपन्यांची कार्यालये. तेव्हा निवडायचे कशावरून, हा प्रश्न पडणारच.

हा प्रश्न ऐकून नाक मुरडणारे काही कार्यकर्ते चळवळीत आहेत. समाज झोपडपट्टीत असताना तुम्हाला तलाव हवेत काय, असे ते विचारतात. आम्हाला हा सूर मान्य नाही. ज्यांच्या आजोबाला गावाच्या पाण्याला शिवू दिले नाही, त्यांच्या नातवाने घराखाली पोहण्याचा तलाव मागितला तर त्यात गुन्हा कसला? बाबासाहेबांनी खेड्याचे कौतुक कधी केले नाही. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे डबके, हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ठणकावून सांगितले. शहरात या, शिका, ताठ मानेने राहा, हीच त्यांची दिशा होती. म्हणून प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की, उत्तर शोधताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टी तपासतात.

आधी या दोन वसाहती उभ्या कशा राहिल्या ते पाहू. मगरपट्टा सिटीची कथा देशभर सांगितली जाते. चारशेहून अधिक एकर जमीन, सुमारे १२० शेतकरी कुटुंबे, बहुतांश मगर भावकीतली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने या कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकण्याऐवजी स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, असा हिशेब ठेवला. २००० साली काम सुरू झाले. शेतकरी देशोधडीला न लागता मालक झाला, ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे आणि ते कौतुक आम्ही हातचे राखून करत नाही.

पण वाचकहो, हिशेब नीट वाचा. ज्याची जितकी जमीन तितके शेअर. मग ज्याची जमीनच नाही त्याचे काय? शेत एकट्या मालकाच्या घामावर कधी पिकत नाही. खुरपणी, कापणी, बांधबंदिस्ती करणारे हात वेगळेच असतात. त्या हातांच्या नावे सातबारा नसतो. सातबारा नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून नफा नाही. यात कुणा एका कुटुंबाचा दोष नाही. जमिनीची वाटणी जातीने आधीच करून ठेवली होती. कंपनीने ती वाटणी शेअरच्या कागदावर उतरवली, इतकेच.

अमनोरा पार्क टाऊनची वाट वेगळी. साडेसतरा नळीच्या शिवारात, सुमारे ४०० एकरांवर, राज्य सरकारच्या विशेष नगर वसाहतीच्या धोरणाखाली बिल्डर कंपनीने ती उभी केली. म्हणजे एक वसाहत जमीनमालकांच्या एकजुटीची, दुसरी भांडवलाच्या ताकदीची. आपल्या समाजाकडे ना जमीन होती, ना भांडवल. दोन्ही दारांतून आपण ग्राहक म्हणूनच आत जातो, हे आधी ओळखून असावे.

आपल्याकडे जमीन मुळीच नव्हती, असेही नाही. महार वतनाची जमीन होती. १८७४ च्या वतन कायद्याने महारांना त्या तुकड्याच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे राबते गुलाम केले. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने खालसा झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करायचे नाही, या अटीवर जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. त्या जमिनींचे पुढे काय होत आले, याचा एक दाखला याच परिसरात आहे. मगरपट्ट्याला लागून असलेल्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटी रुपयांचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गाजला आणि सरकारला त्याची चौकशी लावावी लागली. शेजारी जमिनीच्या जोरावर शहर उभे राहिले आणि आपल्या वतनाच्या जमिनीची बातमी झाली ती चौकशीची! मगरपट्ट्यात घर पाहायला जाताना हा मुंढव्याचा रस्ता आठवला पाहिजे.

आता निवडीकडे येऊ. विक्री कार्यालयातला माणूस तुम्हाला नमुना फ्लॅट दाखवील, गच्चीवरून दिवे दाखवील. मगरपट्ट्याचे काम आधी सुरू झाले, म्हणून तिथली झाडे मोठी झाली आहेत आणि तिथे जुने फ्लॅट विकत मिळतात. अमनोरात उंच मनोरे आहेत. नवीन बांधकामात घर घेत असाल तर महारेराची नोंदणी आणि चटई क्षेत्र तपासा. जुने घेत असाल तर शेअर सर्टिफिकेट आणि जमिनीचे अभिहस्तांतरण तपासा. हे सारे कोणताही एजंट सांगेल. एजंट जे सांगणार नाही ते असे की, तुमच्या इमारतीचा कारभार कोणत्या कायद्याने चालणार आहे?

महाराष्ट्रात दोन रस्ते आहेत. एक, १९६० च्या सहकार कायद्याखालची गृहनिर्माण सोसायटी. दुसरा, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची संघटना. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सोसायटीत एका सभासदाला एक मत. तुमचा फ्लॅट एका खोलीचा असो की पाच खोल्यांचा, हात एकच वर होतो. अपार्टमेंटमध्ये मताचे वजन मालमत्तेतल्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्क्यावर ठरते. मोठ्या फ्लॅटवाल्याचे मत मोठे, लहान फ्लॅटवाल्याचे लहान. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देशापुढे ठेवले. ते तत्त्व तुमच्या जिन्यापर्यंत पोहोचते की नाही, हे या एका कागदावरून कळते. सोसायटीत सेवाशुल्क मात्र सर्व फ्लॅटना समान बसते, म्हणजे लहान फ्लॅटवाल्याला ते तुलनेने जड जाते. हा तोटा मान्य करूनही आम्ही समान मताच्या बाजूने कौल देऊ. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, मत उणे होता कामा नये.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, तशीच एक जागा अनुसूचित जाती-जमातीसाठी, एक इतर मागासवर्गासाठी आणि एक भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी राखीव आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? अनेक सोसायट्यांत ही अनुसूचित जातीची जागा रिकामी पडून असते. आपली माणसे तिथे राहत नाहीत म्हणून ती रिकामी असेल तर समजू शकते. पण आपली माणसे राहत असूनही ती रिकामी असते, तेव्हा दुखणे वेगळे आहे. त्या खुर्चीवर बसायचे तर अर्जावर जात लिहावी लागते आणि ती लिहायला हात धजत नाही!

हे दुखणे आम्ही हवेतून काढलेले नाही. घरात शिरताच समोर असलेली बाबासाहेबांची तसबीर गेटबंद वसाहतीत गेल्यावर आतल्या खोलीत जाते. बुद्धमूर्ती मात्र दिवाणखान्यात राहते, कारण ती हल्ली सगळ्यांच्याच दिवाणखान्यात असते. दारावरच्या पाटीवर आडनावाऐवजी नुसती दोघांची नावे येतात. चौदा एप्रिलला सुट्टी कुठे घालवली, असे मुलाला कुणी विचारले तर काय सांगायचे, ते आधी शिकवले जाते. कोट्यवधींचे कर्ज डोक्यावर घेऊन विकत घेतलेल्या घरात आपण चोरासारखे राहतो. याला काय म्हणावे?

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्याचे नाव सवर्ण असेल तर दार उघडते, दलित किंवा मुसलमान असेल तर अनेकदा नकार किंवा जाचक अटी पुढे येतात, हे त्यातून दिसले. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे भिंत विटांची असते, तशी उपविधींचीही असते. पण आपल्याला जो फ्लॅट बिल्डर विकतो आहे तिथे असा उपविधी नसेल, तर आपले सभासदत्व योग्य कारणाशिवाय कुणालाही नाकारता येत नाही. सहकार कायद्यातले मुक्त सदस्यत्वाचे तत्त्व हेच सांगते. कायदा आपल्या बाजूने असलेल्या जागीही आपण मान खाली घालतो, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांवरही घराच्या शोधात नाव लपवण्याची वेळ आली होती. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले असता कुणी जागा देईना, तेव्हा पारशी नाव लावून ते एका पारशी सरायीत राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे ऐपत आल्यावर याच माणसाने घर कुठे बांधले? मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत! राजगृह. तिथे त्यांनी आपली ग्रंथसंपदा ठेवली आणि तिथे चळवळीची माणसे उघडपणे येत-जात राहिली. बडोद्याची सराय आणि दादरचे राजगृह, या दोन वास्तूंमध्ये आपल्या निवडीचा सारा अर्थ आहे. आज ज्याच्याकडे बँकेचे कर्ज, नोंदणीकृत करारनामा आणि संविधान आहे, त्याने सरायीतल्यासारखे का राहावे?

आणखी एक कसोटी सांगतो. वसाहत पाहायला जाल तेव्हा पुढच्या कमानीतून जाऊ नका. सकाळी कामाला येणाऱ्या बायका ज्या फाटकातून आत येतात तिथे अर्धा तास उभे राहा. त्यांच्या पिशव्या कशा तपासल्या जातात, त्यांना कोणती लिफ्ट वापरू देतात, बसायला बाकडे आहे की नाही, शौचालय आहे की नाही, ते पाहा. वैदूवाडी आणि रामटेकडी या भागापासून फार लांब नाहीत. पुण्यात कचरावेचक कष्टकऱ्यांची संघटना १९९३ पासून आहे आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यातल्या बहुसंख्य महिला दलित समाजातल्या आहेत. म्हणजे त्या फाटकातून येणारी बाई बहुतेक वेळा तुमच्या-आमच्या मावशीच्या वयाची आणि तुमच्या-आमच्या वस्तीतली असते. जिथे तिला माणसासारखे वागवतात, तिथे तुमचे नाव कळल्यावर तुम्हालाही तसेच वागवतील. जिथे तिच्यासाठी वेगळी लिफ्ट आहे, तिथे तुमच्या मुलाच्या आडनावासाठीही मनात वेगळी लिफ्ट तयार असते.

ज्यांचे बजेट या दोन्ही वसाहतींपर्यंत पोहोचत नाही, त्यांनीही हताश होऊ नये. ४ हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे अल्प व दुर्बल उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम राज्यात २०१३ साली आला. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून मिळतात आणि म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांना ११ टक्के आरक्षण आहे. पुणे मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहिल्याने हक्काचे घर हातचे जाते.

तेव्हा मगरपट्टा की अमनोरा? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या इमारतीचा कारभार समान मताने चालतो, जिच्या मागच्या फाटकावर कष्टकऱ्याचा अपमान होत नाही आणि जिथे तुम्ही दारावर आपले पूर्ण नाव लावू शकता, ती इमारत घ्या. मग ती रस्त्याच्या या बाजूला असो की त्या. तलाव किती मोठा, हा प्रश्न शेवटी विचारा.

आणि घर घेतल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेला जा. समितीतली आपली राखीव खुर्ची रिकामी आहे का, ते विचारा. रिकामी असेल तर अर्ज भरा, त्यावर स्वच्छ अक्षरात जात लिहा आणि निवडून या. त्या खुर्चीवरून पहिला ठराव मांडा तो मागच्या फाटकावर बाकडे, पाणी आणि शौचालय देण्याचा. चौदा एप्रिलचा कार्यक्रम वसाहतीच्या सभागृहात घेण्याचा ठराव आपोआप दुसरा येईल. जय भीम!