चार कोटी अंकांची उलटतपासणी

१३,६२,७९,८४१ वेळा २ मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करा. उरेल ती मूळसंख्या. १ आणि ती स्वतः सोडली, तर तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हे सिद्ध झाले आणि ती तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळसंख्या ठरली.

तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक या वेगाने, डोळ्याला डोळा न लावता वाचले तरी ४७४ दिवस पुरत नाहीत. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची अंदाजे संख्या लिहायला मात्र ८० च्या आसपास अंक पुरतात.

तरीही तिच्याशी बोलता येते, कारण तिची घडण साधी आहे. शाळेतले लॉगॅरिथम सांगते की ती ८८१६ ने सुरू होते. शेवटच्या तीन अंकांचे चक्र सांगते की ती ५५१ ने संपते. द्विमान पद्धतीत तर ती म्हणजे ओळीने मांडलेले १३,६२,७९,८४१ एकच एक.

पण ती मूळ आहे हे ठरवायचे कसे? एकेका मूळसंख्येने भागत जायचे म्हटले तर वर्गमूळापर्यंत पोचावे लागेल, आणि त्या वर्गमूळातच दोन कोटींहून अधिक अंक आहेत. तो मार्ग बंद. इथे एदुआर ल्यूका आणि डेरिक लेमर यांची कसोटी कामी येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा; पुन्हा तेच. १२७, म्हणजे २ चा सातवा घात वजा १, घेतली तर ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग ०. शून्य आले, म्हणजे १२७ मूळ. १२७ साठी हा फेरा ५ वेळा करावा लागतो, आपल्या महाकाय संख्येसाठी १३,६२,७९,८३९ वेळा. तोही चार कोटी अंकी बाकी सांभाळत.

ल्यूक ड्युरांट या अमेरिकी संशोधकाने त्यासाठी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधली ग्राफिक्स प्रोसेसरची ताकद जुंपली. डब्लिनमधल्या प्रोसेसरने आधी इशारा दिला, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्रोसेसरने दुसऱ्या दिवशी शिक्कामोर्तब केले.

अशा प्रत्येक मूळसंख्येसोबत एक परिपूर्ण संख्याही येते. १२७ ला ६४ ने गुणले की ८१२८. तिचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले की पुन्हा ८१२८ च. नव्या मूळसंख्येची जोडीदारीण ८,२०,४८,६४० अंकी आहे आणि तिचे असे विभाजक २७,२५,५९,६८१ आहेत. त्यांची बेरीज करायला कोणाला बसावे लागले नाही. ती किती येणार, हे युक्लिडने दोन हजार वर्षांहून आधीच सिद्ध करून ठेवले होते.