कोंबडी, टोपली आणि कोरीव मूर्ती

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एका लहान मुलाचा जीव गेला. घाबरू नका, संगणकाच्या पडद्यावर!

‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) हा कॅनडातील बायोवेअर कंपनीचा, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यात रेडक्लिफच्या गढीतील कॉनर या मुलाला पिशाच्चाने झपाटलेले असते. दूरच्या मनोऱ्यातून जादूगारांची मदत आणली तर तो वाचतो. मी उतावळा, त्याला मारण्याचा पर्याय निवडून मोकळा झालो. माझा साथीदार ॲलिस्टर त्याच गढीत वाढलेला. मुक्कामावर तो माझ्यावर असा कडाडला की मला खरोखरच शरम वाटली. मग मी त्याला त्याच्या आवडीच्या कोरीव मूर्ती भेट देत गेलो आणि स्वारी खूश! पुन्हा थट्टामस्करी सुरू. माझी शरम मात्र होती तिथेच राहिली.

असे का व्हावे? ॲलिस्टरचे ते कडाडणे हा लिहून ठेवलेला, एकदाच घडणारा प्रसंग. तो संपला की त्याच्यापाशी उरतो एक आकडा. साथीदाराची मर्जी उणे १०० ते अधिक १०० या मापात मोजली जाते. मुलाचा जीव आणि दगडी मूर्ती एकाच खात्यात जमाखर्ची पडतात. खात्याला बेरीज कळते, कारण कळत नाही. शिवाय बहुतेक प्रसंगी तुकडीत हजर असलेल्यांचीच मर्जी हलते. मुक्कामावर राहिलेल्यांना जणू खबरच नाही.

गावकऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. ‘स्कायरिम’ (२०११) या खेळात रिव्हरवूड गावची कोंबडी मारली की सारा गाव शस्त्रे घेऊन अंगावर येतो. त्याच खेळात दुकानदाराच्या डोक्यावर टोपली पालथी घालून त्याच्यादेखत (की अदेखत?) दुकान साफ करता येते. तिथे प्रश्न एकच : कोणी पाहिले का? टोपली घालणाऱ्याचा संशय येण्याची सोय कोणी केलेलीच नाही.

लेखकांना दोष देणे सोपे आहे. पण दहा प्रसंगी दोन-दोन पर्याय दिले तरी १०२४ वाटा होतात. प्रत्येक वाटेवरचे संवाद लिहायचे, नटांकडून बोलून घ्यायचे, हे कोणत्या कंपनीला परवडेल? म्हणून मोजके प्रसंग मनापासून लिहितात, बाकीचे आकड्यांवर सोडतात. जिथे लिहिले तिथे मात्र चोख. पवित्र अस्थिकलश विटाळला तर तुकडीतली वृद्ध विन तुमच्यावरच उलटते. तिथे कोणतीही भेटवस्तू कामास येत नाही. मला ती विन फार आवडली.

नाताळात खेळ पुन्हा आरंभला. या खेपेस जादूगारांकडे गेलो, वाटेत दहा भानगडी केल्या, सावकाश परतलो. पिशाच्च कॉनरला धरून निमूट माझी वाट पाहत होते! मुलगा वाचला. ॲलिस्टरला मूर्ती मात्र मी दिल्या नाहीत.