कॅनडाचा गहू परदेशी बाजारात कसा टिकतो?

गहू विकणाऱ्या देशांत कॅनडाची नैसर्गिक परिस्थिती फारशी अनुकूल नाही. तेथील बहुतेक गहू मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांत पिकतो. व्हँकूव्हर बंदर गाठण्यासाठी बऱ्याच धान्याला हजार किलोमीटरांहून अधिक रेल्वेप्रवास करावा लागतो. हंगामही आखूड असतो. असे असूनही गव्हाच्या प्रमुख निर्यातदार देशांत कॅनडाची गणना होते. याची कारणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण वाणाचे. पूर्वीचा रेड फाइफ गहू पक्व होण्यापूर्वीच पुष्कळदा कडाक्याच्या थंडीत सापडत असे. हा गहू आणि भारतातून नेलेला 'हार्ड रेड कलकत्ता' यांच्या संकरातून चार्ल्स साँडर्स यांनी ओटावा येथील मध्यवर्ती प्रयोगक्षेत्रात 'मार्क्विस' हे वाण निवडले. ते सुमारे आठवडाभर लवकर तयार होई आणि त्याचा पावही उत्तम होई.

दुसरे कारण प्रतवारीचे. १९१२ च्या धान्य कायद्याने प्रतवारीची व्यवस्था दृढ झाली. धान्याचे वजन, ओलावा, काडीकचरा, रोगट दाणे आदी गोष्टी तपासून प्रत ठरविली जाते. त्यामुळे दूरदेशीचा गिरणीमालक ढीग न पाहताही केवळ प्रतीच्या नावावर माल घेतो. हा विश्वास हेच त्या देशाचे मोठे भांडवल होय.

तिसरी बाब वाहतुकीची, आणि येथेच शेतकऱ्याचे हित गुंतलेले आहे. बंदरावरील भावातून रेल्वेभाडे, कोठाराचे शुल्क व सफाईचा खर्च वजा जाता जे उरते, तेच त्याच्या हाती पडते. १८९७ च्या करारापासून मिळत आलेली भाड्याची सवलत, पुढे स्वरूप बदलून, १९९५ पर्यंत चालली. नंतर हा भार शेतकऱ्यावर आला. २०१३ साली विक्रमी पीक आले; परंतु त्या हिवाळ्यात रेल्वेवाहतूक तुंबली. बंदरात जहाजे खोळंबली, शेतांवर धान्य पडून राहिले आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव घसरला. अखेर मार्च २०१४ मध्ये सरकारला दोन्ही रेल्वे कंपन्यांना मिळून आठवड्याला दहा लाख टन धान्य वाहण्याचा आदेश द्यावा लागला. केवळ अधिक पिकविल्याने बाजार जिंकता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याची जमीन लहान व बाजार जवळचा असला, तरी हा नियम येथेही लागू पडतो. भारतात शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ पासून आहे व 'अ‍ॅगमार्क' ही खूण त्याखालीच दिली जाते. परंतु प्रतीची सुरुवात शेतातच होते. शेतकरी बंधूंनी एकाच वाणाचे शुद्ध बी पेरावे, निरनिराळ्या वाणांची रास वेगळी ठेवावी, आणि धान्य चांगले वाळवून व चाळून मगच बाजारात न्यावे. मिसळलेल्या ढिगाचा भाव त्यातील हलक्या दाण्यावरून ठरतो. निवडलेल्या मालाला मात्र आपली किंमत मागता येते.