पुस्तकात आहे, फळ्यावर का नाही?

परीक्षा महिन्यावर आली असताना आमच्या वस्तीतली दहावीची एक मुलगी राज्यशास्त्राचे पुस्तक घेऊन घरी आली. ‘काका, एवढा धडा समजावून सांगा ना. सर म्हने, याच्यावर जास्त मार्क नाहीत, घरीच वाचून घ्या.’ धडा कोणता? ‘संविधानाची वाटचाल’!

२०१८ साली दहावीला जे नवे पुस्तक आले, त्यात राज्यशास्त्राचा हा पहिलाच पाठ होता. मतदानाचे वय, सत्तेचे विकेंद्रीकरण, माहितीचा अधिकार, राखीव जागांचे धोरण, अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देणारे कायदे, सारे त्यात आले. पुस्तक करणाऱ्यांनी आपले काम केले. पण अभ्यासक्रम पुण्यात छापून पुरा होत नाही. तो पुरा होतो दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरच्या वर्गात, खडू हातात घेतलेल्या शिक्षकाच्या तोंडून. तिथेच तो गळाला तर छापून उपयोग काय?

शिक्षकांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांचा पेपर, त्यात मोठा वाटा इतिहासाचा. २०१९ साली तोंडी परीक्षेचे गुण नव्हते, तेव्हा दहावीचा निकाल ८९ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर आला. ओरड झाली, ते गुण परत आले. पण पोरांना काय समजले, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला? त्यात निवडणुकीचे काम शिक्षकांकडे, जनगणनेचे काम शिक्षकांकडे. २००१ नंतर ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द गेला, तरी पगाराची वाट पाहण्यात कित्येकांची उमेद गेली. स्वतःचाच न्याय ज्याला मिळाला नाही, त्याने सामाजिक न्याय शिकवायचा!

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. राखीव जागांचे पान आले की काही वर्गांत ते भराभर वाचून उलटले जाते. काही वर्गांत शिक्षक पदरचे एखादे वाक्य जोडतात, ‘यांना कमी मार्कांवरही मिळते.’ मग साऱ्या माना मागच्या बाकावरच्या दोन-तीन मुलांकडे वळतात. त्या मुलांच्या मनात त्या क्षणी जे कोरले जाते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते. पण जन्मभर पुसलेही जात नाही. खरा अभ्यासक्रम कोणता मग, छापलेला की हा?

हे पान शिकवण्यासाठी वऱ्हाडातल्या शिक्षकाला लांब जावे लागत नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता, तेव्हा १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना मिळाली. या लढ्यात साथ देणारे डॉ. पंजाबराव देशमुख पुढच्याच वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पुढे हे दोघेही संविधान सभेत बसले. एवढे सांगायला दहा मिनिटे लागतात. त्यानंतर पोरांना घरी पाठवा, आजीला विचारून या म्हणा, गावात पाणी कोण कुठून भरत होते. दुसऱ्या दिवशी राखीव जागांचे कारण तुम्हाला सांगावे लागणार नाही, पोरेच सांगतील.

नागपूर जिल्हा परिषदेत इ. झेड. खोब्रागडे यांनी २००५ साली शाळांमधून संविधान दिन सुरू केला. केंद्र सरकारला त्यासाठी २०१५ उजाडले. उद्देशिका आज परिपाठात म्हटली जाते, ही चांगलीच गोष्ट. पण सकाळी ‘समता’ म्हणायचे आणि तिसऱ्या तासाला तिचेच पान उलटायचे, याला शिकवणे म्हणत नाहीत.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या समाजाचे किती तरी शिक्षक आज याच शाळांत आहेत. त्यांच्यातलेही काही जण हा धडा दबकत घेतात, ‘लोक म्हणतील, हा आपल्या जातीचे आणतो.’ अरे, संविधान काय एका जातीचे आहे? आणि आम्ही पालक? चौदा एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आम्ही पै-पैचा मागतो. पालकसभेत मात्र ‘हा धडा कधी घेतला?’ असे विचारायला कोणी उभे राहत नाही. दहावीच्या मुलांसाठी विहारात आठवड्याची एक संध्याकाळ काढणे अवघड आहे काय?

त्या मुलीला मी अंबादेवीची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘काका, हे तर आपल्याच अमरावतीतलं हाय. मंग सरांनं वर्गात काऊन नाई सांगितलं?’

तिला मी उत्तर दिले नाही. ते पुढच्या पालकसभेत मागायचे आहे. आपण येणार ना?