भूतनाथाची यात्रा आणि भुताचा बंगला

महाशिवरात्र आली की बीड जिल्ह्यातील भाविकांची पावले परळीच्या वैजनाथाकडे वळतात. बीड शहरातील मंडळी कंकालेश्वराला जातात. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये ते पुरातन काळ्या दगडाचे देऊळ! कंकाल म्हणजे हाडांचा सापळा. त्या नावाने येथे महादेव पूजिला जातो. शंकराच्या वरातीत भुतेपिशाच्चे नाचली आणि ते वऱ्हाड पाहून सासूबाई मेनेला मूर्च्छा आली, ही कथा कीर्तनात रंगू लागली की श्रोते भीत नाहीत, पोट धरून हसतात.

म्हणूनच आपल्याकडील जत्रांत रहाटपाळण्याशेजारी ‘भुताचा बंगला’ उभा दिसला, तर आम्हांस तो परका वाटत नाही. १८६२ साली लंडनमध्ये पेपर नावाच्या प्राध्यापकाने तिरप्या काचेत लपलेल्या नटाचे प्रतिबिंब पाडून रंगभूमीवर भूत उभे केले होते. जत्रेतल्या बंगल्याला असली काच कोठून परवडणार? ताडपत्री, काळे कापड, वळणावळणाची अंधारी वाट, गालाला चाटून जाणारे दोरे, तारेवर झेपावणारा सापळा आणि मुखवटा चढवून कोपऱ्यात दबा धरून बसलेला एक घामाघूम माणूस. मूल खरोखरच भेदरले तर आपला आवाज आवरता घेणे, हे त्याचे खरे कसब. त्याची वाहवा मात्र कोणी करीत नाही.

‘देवाच्या दारी हे कशाला?’ असे काही वडीलधारी विचारतात. आमच्या मते, काळजी करावी ती तंबूबाहेरच्या भुताची. भानामतीच्या धास्तीने मराठवाड्यातील कित्येक घरांची झोप उडाली, मांत्रिकांची मात्र धन झाली. अंगात भूत शिरले म्हणून सासुरवाशिणींनी मार खाल्ला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. तंबूतले भूत तिकिटापुरते घाबरविते. मांत्रिकाचे भूत घरातला दागिना घेऊनही जात नाही.

तेव्हा मुलांना बंगल्यात अवश्य न्यावे आणि बाहेर आल्यावर सापळ्यामागची तार समजावून सांगावी. फार लहान असेल त्याला कडेवरच ठेवावे. तंबूला बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे ना, एवढे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे. आत सुके कापड आणि तात्पुरत्या विजेच्या तारा शेजारी शेजारी असतात.